समुद्राकडचा वाटा

रोजे तोंडावर आले होते आणि यंदाचं माहेफुन राझियाकडे ठरलं होतं. रोज्यांच्या आधी सगळ्या भावंडांनी एकदा गोळा व्हायचं, पोटभर खायचं, हसायचं, एकमेकांची उणीदुणी काढायची आणि मग महिनाभर तोंड आवरायचं, अशी बेटावरची रीत. सकाळपासून राझिया चुलीपुढून हलली नव्हती. निरफणसाच्या काचऱ्या तळून झाल्या होत्या, कुप्याच्या पातळ रश्श्याला, गरुधियाला, उकळी फुटली होती, आणि खोबरं-मिरची घातलेला माशांचा केक भट्टीत चढला होता. हात सवयीनं चालत होते. मन मात्र ठिकाणावर नव्हतं.

कालच्या स्पीडबोटीनं शकीब मालेहून आला होता. मधला भाऊ. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट, आणि काखेत एक गुंडाळलेला लांबलचक कागद. माहेफुनला येणारा माणूस काखेत खजुराचा डबा घेऊन येतो. हा नकाशा घेऊन आला होता, आणि तो कशाचा हे राझियाला कोणी सांगायची गरज नव्हती. तीन महिने फोनवर त्याचं तेच चाललं होतं.

पण शकीबचं तिला एवढं वाटत नव्हतं. शकीब लहानपणापासून असाच, कोणाची तरी मोठी होडी दाखवून आपली म्हणून सांगणारा. तिला घोर लागला होता तो थोरल्याचा. वहीद, सगळ्यांचा बोडुबे, गेले काही दिवस रोज दुपारी तिच्या अंगणात येत होता. ज्यानं आठ वर्षांत तिच्या गेस्टहाउसची पायरी चढली नव्हती, "खोल्या भाड्यानं देते" म्हणून नाक मुरडलं होतं, तो आता न चुकता यायचा. समुद्राकडे तोंड करून जोलीवर, त्या दोरीच्या जाळीच्या बैठकीवर, बराच वेळ बसायचा. मग उठायचा आणि निरफणसाच्या झाडापासून पावलं टाकत चालायचा. थांबायचा. परत झाडाशी जायचा, दुसऱ्या दिशेनं पावलं टाकायचा. एकदा तर खाली वाकून त्यानं जमिनीवर टाच आपटली.

"मम्मा, बोडुबे जागा मोजतोय," ईमा खिडकीतून बघत म्हणाली होती.

"दिसतंय मला."

"शकीबबेसाठी?"

राझिया चहाचं आधण ठेवायला वळली होती. उत्तर दिलं असतं तर रडू आलं असतं, आणि तीन नंबरच्या खोलीतल्या पाहुण्यांचा चहा राहिला असता.

या जागेचं एक गंमतशीर होतं. बप्पानं आपली मोठी जमीन तिघांत वाटली तेव्हा समुद्राकडची ही पट्टी कोणालाच नको होती. बेटावरची सगळी जुनी घरं गावाकडे तोंड करून आणि समुद्राकडे पाठ करून उभी आहेत. समुद्र ही काय बघायची गोष्ट? तिकडे कचरा टाकायचा, नारळाची सोडणं कुजवायची, पहाटे लोटा घेऊन जायचं. वारा दार बडवतो, मीठ बिजागऱ्या खातं. थोरला म्हणून वहीदनं मशिदीजवळची जागा घेतली, गोड पाण्याची, मानाची. शकीबच्या वाट्याला रस्त्यालगतची आली, आणि मालेला बिऱ्हाड करायचं म्हणून पुढे त्यानं ती देऊनही टाकली. राझिया मुलगी, तिचा वाटा अर्धा, तिला उरलेलं मिळालं. पुढे तिच्या नवऱ्यानं दूरच्या रिसॉर्टच्या लाँड्रीत नोकरी धरली, वर्षातून दोनदा घरी यायचा, मग एकदा आलाच नाही. त्यानं तिकडेच दुसरा संसार थाटला होता. तेव्हा राझियाजवळ उरलं काय, तर एक मुलगी आणि ही वाऱ्यानं झोडपलेली पट्टी.

आणि मग सरकारनं वस्तीच्या बेटांवरही पाहुणे ठेवायला परवानगी दिली. अचानक कचऱ्याच्या जागेला भाव आला. मशिदीजवळची मानाची घरं चहूबाजूंनी पाच-पाच मजल्यांत बुडाली आणि समुद्राकडे पाठ केलेल्या राझियाच्या घराच्या त्या पाठीकडेच सगळं जग बघायला लागलं. पाहुणे मागच्या दारानं यायचे आणि तिथेच खिळायचे. राझियानं स्वयंपाकघर तसंच ठेवलं होतं, गावाकडे तोंड केलेलं. पन्नाशी उलटली तरी ती अजून एकदाही समुद्राकडे तोंड करून नुसती बसली नव्हती.

ते लोक काय बघतात, याचं मात्र तिला भारी कुतूहल. प्रत्येक पाहुण्याला ती ईमाकरवी विचारायची. कोणी म्हणायचं रंग, कोणी म्हणायचं शांतता. ही सध्याची बोझेना, पांढऱ्या केसांची, तिसऱ्या वर्षी आलेली, तिच्या देशाला समुद्रच नाही म्हणे. तिनं खूप विचार करून सांगितलं होतं, "आमच्याकडे कुठंही बघितलं की मध्ये काहीतरी येतं. डोंगर, घर, झाड. इथं मध्ये काही येत नाही."

"काही नाही ते बघायला एवढ्या लांबून येतात?" राझिया ईमाला म्हणाली होती. "तिकीट काढून?"

"काढतात, म्हणून तर आपली चूल पेटते," ईमा म्हणाली. आणि ते खरंच होतं.

---

जेवण अंगणातल्या मोठ्या टेबलावर मांडलं होतं. टेबल कसलं, खाली सिमेंटचा गोल कठडा आणि वर जाड फळ्यांवर फरशा बसवलेल्या. पाहुण्यांचा नाश्ता रोज त्याच्यावरच व्हायचा. बोझेनाला एकटी कशी ठेवायची म्हणून तिलाही बसवलं होतं. ती निरफणसाच्या काचऱ्या एकामागून एक खात होती आणि कोणी तिच्याकडे पाहिलं की हसत होती.

वहीदची बायको हव्वा मोठ्या पातेल्यात गोड बोंडं घेऊन आली. आल्या आल्या तिनं शकीबच्या शेजारची जागा पकडली. राझियाच्या मनात पाल चुकचुकली. हव्वा आजवर शकीबच्या वाऱ्याला उभी राहिली नव्हती.

"वाढ ना ग त्याला आणखी," हव्वा राझियाला म्हणाली. "मालेत मिळतं का बिचाऱ्याला असं?"

"मालेत सगळं मिळतं, दोंता," शकीब वहिनीला म्हणाला. "फक्त उभं राहायला जागा मिळत नाही. नौशादलाच विचार."

नौशाद हव्वाचा मुलगा. मालेत एका खोलीत बायको आणि दोन पोरं घेऊन राहणारा. त्याचं नाव निघालं तशी हव्वाच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि राझियाला कळलं की शकीबनं कालच मशिदीजवळच्या घरी जाऊन पेरणी करून ठेवली आहे.

भातावर गरुधिया ओतून, लिंबू पिळून वहीद खाली मान घालून जेवत होता. खाताना न बोलणं ही त्याची नावेवरची सवय. चाळीस वर्षं त्यानं मासेमारीची दोनी हाकली होती.

जेवणं आटोपत आली तसा शकीबनं ताटं बाजूला सारून कागद उलगडला. चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले. त्यात पाच मजले होते, गच्चीवर झाडं होती, आणि काचेच्या भिंतीआडून समुद्र बघणारी दोन गोरी माणसं होती.

"चाळीस खोल्या," शकीब म्हणाला. "पैसा मालेतल्या पार्टीचा. जागा आपली. तिघांचे अंगठे लागले की पावसाळ्यानंतर पाया भरायचा."

"कोणाची जागा?" राझियानं विचारलं.

"आपली म्हटलं ना."

"तुझी रस्त्याकडची तू कधीच दिलीस, बेबे. बोडुबेची मशिदीकडे आहे. हे जे तू चितारून आणलंयस, ते माझ्या चुलीवर उभं आहे."

"कोक्को, जरा मोठा विचार कर," धाकट्या बहिणीसाठी शकीबचा आवाज मऊ झाला. तो मऊ झाला की राझियाला जास्त भीती वाटायची. "या देशाजवळ दुसरं आहे काय? नदी नाही, शेत नाही. भात बाहेरून, पीठ बाहेरून. अगं, या रश्श्यातला कांदासुद्धा जहाजातून येतो! तो कोणाच्या जिवावर येतो? या बाईच्या!"

त्यानं बोझेनाकडे बोट केलं. बोझेनानं हसून काचरी वर धरली.

"दवाखाना हिच्या जिवावर, शाळा हिच्या जिवावर, मशिदीचा नवा पंखा हिच्या जिवावर. आणि आपण काय करतो? पाच खोल्या उघडतो आणि बसतो. असे पाच-पाच खोल्यांवर किती दिवस काढणार?"

"तिच्याच जिवावर म्हणतोस," वहीद पहिल्यांदाच बोलला, "आणि विमानं बंद झाली त्या वर्षी?"

ते वर्ष कोणाला आठवायचं नव्हतं. आकाशात एक विमान नाही, जेटीवर एक बॅग नाही. रिसॉर्टांवरची पोरं हात हलवत परत आली, बेटावर माणसंच माणसं आणि खायला तेवढंच. राझियाच्या पाचही खोल्यांत तेव्हा वहीदच्या नावेचे सुके मासे रचून ठेवले होते. तीन नंबरच्या खोलीत शिरलं की अजूनही एखादा पाहुणा नाक वर करून हुंगतो.

"त्या वर्षी तू मालेला माझ्या घरी मासे धाडत होतास, बोडुबे," शकीब म्हणाला. "माझ्या पोरांनी तेच खाल्लं. विसरलो नाही मी. पण ते वर्ष गेलं. पाहुणे दुपटीनं आले. ते राझियाकडे येतील नाहीतर शेजारच्या पाच मजल्यांत जातील, येणार तर आहेतच ना?"

यात खोटं काही नव्हतं, आणि तेच राझियाला जड जात होतं. शेजारी सळया उभ्या राहिल्या होत्या. पुढल्या वर्षी तिच्या अंगणात दुपारीच सावली पडणार होती.

"आणि मी कुठे जाऊ?" तिनं विचारलं.

"जाशील कशाला? किचन तुझं. पगारावर. ईमा मॅनेजर होईल, एसी ऑफिसात बसेल."

राझियानं मुलीकडे पाहिलं. ईमा नकाशावर वाकली होती. ती नजर राझियाच्या ओळखीची होती. लहानपणी जेटीवर येणाऱ्या प्रत्येक बोटीकडे ती अशीच बघायची.

"लिफ्ट असेल?" ईमानं विचारलं.

"दोन!"

"मम्मा," ईमा हळूच म्हणाली, "जिन्यावरून बॅगा चढवून माझी कंबर मोडली गं. निदान ऐकून तरी घेऊ या ना."

परक्यानं मारलेलं एवढं लागत नाही. तिनं कपांकडे हात नेला, उगाच उचलायचे म्हणून, आणि नकाशाचा एक कोपरा गुंडाळून वर आला.

"इथं काम मिळालं की माझा नौशाद परत येईल," हव्वा मध्येच म्हणाली. "राझिया, तुझी मुलगी तुझ्या डोळ्यांपुढे आहे. माझी नातवंडं मी फोनवर बघते. एवढा कसला गं तुला जागेचा सोस?"

"मला सोस नाही, दोंता. मला घर आहे. ते एकच आहे."

"ते तुझं आहे असं कोण म्हणतं?" शकीब म्हणाला.

शकीबनं ते चिडून म्हटलं नव्हतं. तेच खरं वाईट होतं. त्यानं ते आधीच ठरवून आणलं होतं.

"कौन्सिलात नोंद अजून बप्पाच्या नावावर आहे," तो पुढे म्हणाला. "वाटणी कागदावर झालीच नाही. मला आणि बोडुबेला जागा मिळाल्या. ही पट्टी कोणी मोजलीसुद्धा नव्हती. राझियाचं लग्न झालं, जायला जागा नव्हती, बप्पा म्हणाला राहा त्या कोपऱ्यात. ती राहायला दिलेली जागा, वाटा नव्हे. म्हणजे ती अजून तिघांची. कायद्यानं भावांचे दोन-दोन भाग आणि बहिणीचा एक."

"तू तेव्हा इथं होतास का?" राझियाचा आवाज फुटला. "मालेला शिकायला होतास तू!"

"म्हणूनच मी माझ्या मनचं बोलत नाही. बोडुबे होता. रविवारी मॅजिस्ट्रेटपुढे तारीख आहे, तिथं बोडुबे सांगेल ते. तो म्हणाला वाटणी झाली, तर झाली. तो म्हणाला नाही झाली, तर नाही." शकीबनं थोरल्याकडे वळून पाहिलं. "आणि वरच्या मजल्यावर समुद्राकडची खोली बोडुबेची. मी शब्द दिलाय. मशिदीजवळच्या त्या घरात वारा येत नाही, माहीत आहे मला."

राझियाला सगळं लख्ख दिसलं. रोजची दुपार, जोलीवर बसणं, ती पावलं. वारा खायला येत होता तो. आपली खोली कुठे येईल ते बघत होता. तिला वाटलं, उठावं आणि आत जाऊन दार लावून घ्यावं.

"थांबा," ईमा म्हणाली. ती नकाशापासून मागे सरकली होती. "शकीबबे, मघाशी तुम्ही तिघांचे अंगठे म्हणालात. आता म्हणताय मम्माचं काही नव्हतंच."

"कायद्याची बाजू सांगितली नुसती."

"मग लिफ्ट राहू दे." तिनं आपला कप उचलला. नकाशाचा दुसरा कोपराही गुंडाळला गेला. "बॅगा मी चढवीन."

राझियानं मुलीकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बांध फुटला असता. ती थोरल्याकडे बघत होती. सगळेच बघत होते. बोझेनालाही काहीतरी कळलं असावं, तिनं काचरी ताटलीत परत ठेवली होती.

वहीदनं हात धुतले. सावकाश पुसले.

"टेबल रिकामं करा," तो म्हणाला.

"काय?"

"ताटं काढा. तो कागद काढ, शकीब. आणि ईमा, या फळ्या उचलायला कोणी आहे का शेजारी? बोलाव."

"अहो, डोकं फिरलं का?" हव्वा म्हणाली. "माणसं जेवली त्यावर आत्ता!"

पण थोरल्यानं सांगितलं की बेटावर अजून ते होतं. ताटं निघाली. शेजारच्या बांधकामावरचे दोन बांगलादेशी गवंडी ईमानं हाक मारून आणले. फरशांच्या सांध्यात पहार घालून त्यांनी एक-एक फळी सुटी केली. सगळे कठड्याभोवती जमले. बोझेना टाचा उंचावून बघू लागली, आणि खरं सांगायचं तर राझियाचीही मान पुढे गेली. फळ्या तिनंच टाकल्या होत्या. डास होतात म्हणून कौन्सिलवाले मागे लागले, नळाला पाणी आलं, तेव्हा झाकून टाकली होती. पुढे तिच्यावर इतके नाश्ते झाले की खाली काय आहे याचा तिलाच विसर पडला होता.

खाली विहीर होती. कमरेइतकी खोल, पोवळ्याच्या दगडांनी बांधलेली. तळाशी हातभर पाणी, आणि त्यात सगळ्यांची डोकी वाकून बघताना दिसत होती.

"इथंच होती तर," वहीद म्हणाला. त्याच्या आवाजात एखादी हरवलेली चीज सापडल्याचा आनंद होता. "मी झाडापासून पावलं टाकून दमलो. झाड किती वाढलं, खोल्या झाल्या, काही ओळखू येईना. मला वाटायचं त्या बाजूला असेल. आज जेवायला बसलो, गुडघा या गोल कठड्याला टेकला, तेव्हा कळलं."

"तू विहीर शोधत होतास?" राझियानं विचारलं.

"मग काय शोधत होतो?"

"मला विचारायचं होतंस, बोडुबे! मी सांगितलं नसतं?"

"सांगितलं असतंस. मग ती तुझी साक्ष झाली असती. मॅजिस्ट्रेट मला विचारणार." तो शकीबकडे वळला. "पाणी काढ."

"मी?"

"तू. मला वाकवत नाही."

शकीबनं इस्त्रीच्या पँटीकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं, आणि गुडघे टेकले. ईमानं पळीला काठी बांधून दिली. पाणी वर आलं.

"चाख."

शकीबनं ओठ लावले आणि लगेच थुंकला. "खारट आहे!"

"तेव्हाही असंच होतं," वहीद म्हणाला. "हे दगड माझ्या नावेतून आले. मी आणि बप्पानं खणली. पहिली त्या तिथं खणली, ती खारट निघाली, बुजवली. मग ही. हिचं पाणी बप्पानं चाखलं, तुझ्यासारखाच थुंकला, आणि म्हणाला, गोड पाणी पोरांकडे गेलं, हिला यावरच भागवून घ्यावं लागेल. पहिला दगड ठेवायला बेटाचा मुखिया, खतीब, आला होता. आता तो नाही, पण मी आहे." त्यानं कठड्यावर हात टेकला. "शकीब, तू शिकलेला आहेस. मला सांग, नुसतं राहायला कोपरा दिला, तर त्या माणसाला कोणी वेगळी विहीर खणून देतं? तो येतो आपल्या विहिरीवर घागर घेऊन. या बेटावर वेगळी विहीर कोणाला देतात?"

शकीब गुडघ्यांवरून उठला नाही. उत्तर त्याला माहीत होतं. बेटावर जन्मलेल्या कोणालाही माहीत असतं. विहीर दिली म्हणजे घर वेगळं केलं.

"हे पाणी आपण तिला दिलं," वहीद म्हणाला. "मी थोरला, मी आधी निवडलं. तेव्हा हे कोणाला नको होतं. आता सगळ्यांना हवं झालं. पण त्या दिवशी ते दिलं होतं, हे खरं आहे, आणि रविवारी मी तेच सांगणार."

"आणि नौशाद?" हव्वा ओरडली. "आपल्या पोराचं काय? वरच्या खोलीचं काय? त्या अंधाऱ्या घरात मरायचं का मी?"

"मरू नकोस. इथं येऊन बसत जा दुपारचं."

हव्वानं आपलं पातेलं उचललं, उरलेली बोंडं त्यात खडाखडा भरली आणि ती निघाली. तिच्या पाठीकडे बघताना राझियाला वाईट वाटलं. तिचं म्हणणं काही चूक नव्हतं. नातवंडं फोनवर बघणं म्हणजे काय, हे राझियाला कळत होतं. हव्वा जिंकली असती तर राझिया हरली असती, एवढंच काय ते भांडण.

शकीबनं पँट झटकली. कागद गुंडाळला. तो तसाच निघून जाईल असं वाटलं होतं, पण तो विहिरीपाशीच घुटमळला.

"मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. "विहिरीचं."

"आता माहीत झालं," राझिया म्हणाली. आणि मग, तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं का, पण ती म्हणाली, "रात्रीच्या जेवणाला थांब. गरुधिया उरलीय."

"पार्टीला काय सांगू मी?"

"सांग, पाणी खारट निघालं."

शकीब हसला नाही. पण थांबला.

---

उन्हं कलली तशी वहीद जाऊन जोलीवर बसला. गवंडी फळ्या परत टाकायला आले, तर राझियानं त्यांना नको म्हणून सांगितलं. वर काच टाकून घेऊ, तिनं ईमाला सांगितलं, खाली दिसू दे. ईमाला ती कल्पना फार आवडली, ती लगेच काचेची मापं घ्यायला लागली.

राझियानं चहा केला. एक कप बोझेनाला दिला, एक थोरल्याला, आणि तिसरा हातात घेऊन ती उभी राहिली. मग एक खुर्ची ओढली. सवयीनं गावाकडे तोंड करून ठेवली, थांबली, आणि फिरवून घेतली. बसली. पाठीवर नेहमी लागणारा वारा आज तोंडावर आला, आणि डोळे आपोआप बारीक झाले.

"काय बघतोस रे रोज?" तिनं विचारलं. "विहीर तर मागे होती."

"पक्षी," वहीद म्हणाला. "चाळीस वर्षं तेच बघितलं. पक्षी घिरट्या घालायला लागले की खाली मासा. नजर तिथंच जाते."

"दिसले?"

"नाही. किनाऱ्याजवळ कसले येतात!"

"मग?"

"मग बसतो," तो म्हणाला. "पक्षी नसले तरी बसवतं. हे मला माहीत नव्हतं."

राझियानं पाण्याकडे पाहिलं. मध्ये काही येत नव्हतं. रंग होता, खरंच होता, आणि तो एकसारखा बदलत होता. मांडीवरचा चहा निवून गेला तरी तिच्या ते ध्यानात आलं नाही.

"ही जोली माझी," थोरला एकदम म्हणाला. "गेस्टहाउस भरलं तरी. पाहुण्यांना दुसरीकडे बसव."

"नोंदवून घ्यायची का कौन्सिलात?" राझियानं विचारलं.

"तोंडी चालेल."

"तोंडी नको, बोडुबे! तोंडी काय होतं ते बघितलं ना आज? साक्षीदार तरी लागेल."

वहीदनं मान वळवली. पलीकडे बोझेना कप हातात धरून, समुद्रावरून नजर न काढता बसली होती. त्यानं तिला खूण केली, जोलीकडे बोट केलं, मग आपल्या छातीकडे, आणि मग राझियाकडे.

बोझेनाला एक अक्षर कळलं नाही. पण तिनं ते नीट पाहून घेतलं आणि गंभीरपणे मान डोलावली.

"झालं," वहीद म्हणाला. "दरवर्षी येते ना ती?"